लिव्हरपूलच्या वकिलातीत आलेला कमोडोर : पेरी, हॉथॉर्न, मेलव्हिल आणि अडसर लावलेला जपान

गलबत

मंडळी, बरेच दिवस डोक्यात असलेला विषय आज लिहायला घेतोय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

माझी उमर बोटीवर गेली. एकदा योकोहामाला बोट लागली असताना एक दिवस मोकळा मिळाला, तेव्हा आगगाडीने कुरीहामाला गेलो होतो. लहान गाव, समोर पुळण आणि पलीकडे उरागाची खाडी. खाडीतून बोटींची रांग अखंड चाललेली असते. पुळणीसमोर एक बाग आहे आणि तिच्यात एक उंच शिळा. तेव्हा जपान परक्यांना जवळजवळ बंद होता. त्याचं दार उघडायला आलेला अमेरिकन आरमाराचा कमोडोर मॅथ्यू पेरी १४ जुलै १८५३ रोजी इथे किनाऱ्यावर उतरला, त्याचं हे स्मारक. १९०१ साली उभारलं, त्यावरची अक्षरं इतो हिरोबुमी यांची. १९४५ साली युद्धाच्या दिवसांत ते पाडलं आणि युद्ध संपल्यावर पुन्हा उभं केलं. एका शिळेच्या नशिबात केवढा इतिहास!

त्या खेपेला माझ्या केबिनमध्ये 'मोबी डिक' होतं. २४ व्या प्रकरणात देवमाशांची शिकार करणाऱ्यांची बाजू मांडताना मेलव्हिल एक वाक्य लिहितो. त्याचा अर्थ असा, की दुहेरी बंदोबस्तात बसलेला जपान देश कधी पाहुण्याला घरात घेणारच असेल, तर त्याचं श्रेय फक्त व्हेलच्या शिकारी जहाजांना जाईल, कारण ती आताच त्याच्या उंबरठ्यावर पोचली आहेत. हे पुस्तक आलं १८५१ च्या शरदात. पेरी 'मिसिसिपी' घेऊन नॉरफोकहून निघाला २४ नोव्हेंबर १८५२ ला. म्हणजे जेमतेम वर्षभराचं अंतर.

आता ज्या प्रसंगासाठी हा धागा काढला तो सांगतो.

३१ मार्च १८५४ ला कानागावाचा तह झाला. शिमोदा आणि हाकोदाते ही दोन बंदरं अमेरिकन जहाजांना मोकळी झाली. पेरी युरोपमार्गे घरी निघाला आणि त्याच वर्षी २८ डिसेंबरला लिव्हरपूलच्या अमेरिकन वकिलातीत जाऊन बसला. तिथला वकील (म्हणजे अमेरिकेचा कॉन्सल) होता नॅथॅनिएल हॉथॉर्न. 'द स्कार्लेट लेटर'चा लेखक! कॉलेजातला दोस्त फ्रँकलिन पिअर्स याचं प्रचारचरित्र त्याने १८५२ मध्ये लिहून दिलं, पिअर्स अध्यक्ष झाला आणि हॉथॉर्नला ही जागा मिळाली. कचेरी गोदीजवळ, काळवंडलेली. दारात रोज मार खाल्लेले, पैसे संपलेले खलाशी.

पेरीचं काम निराळं होतं. मोहिमेचा वृत्तांत लिहायला त्याला माणूस हवा होता. टिपणं, रोजनिश्या, चित्रं सगळं तयार होतं, लेखणी हवी होती. हॉथॉर्नने रोजनिशीत लिहून ठेवलंय, की कमोडोरच्या मनात खुद्द हॉथॉर्नच होता, पण वकिलातीच्या कामामुळे ते जमणारं नाही हे त्यालाही दिसत होतं. मग हॉथॉर्नने दुसरी नावं सुचवली. पहिलं नाव हर्मन मेलव्हिल. पेरीने ते उचललं नाही.

हॉथॉर्न पुढे लिहितो, की तरुण लेखकालाच काय, म्हाताऱ्यालाही हे काम हवंहवंसं वाटावं, कारण जपानइतका न वापरलेला विषय जगात क्वचितच उरला असेल.

मला हा प्रसंग वाचला की चैन पडत नाही. मेलव्हिल तेव्हा ३५ वर्षांचा होता. 'मोबी डिक' खपलेलं नव्हतं, नंतरच्या 'पिएर'वर टीकाकार तुटून पडले होते. जपानच्या समुद्राविषयी त्याच्याइतकं कळणारा दुसरा अमेरिकन लेखक नव्हता. ते काम अखेर न्यूयॉर्कच्या कॅल्व्हरी चर्चचे धर्मोपदेशक फ्रान्सिस हॉक्स यांच्याकडे गेलं आणि १८५६ मध्ये काँग्रेसच्या हुकमाने तीन जाडजूड खंड छापून निघाले.

आरमार आणि साहित्य यांचं त्या काळातलं नातं फार जवळचं होतं असं माझं मत आहे. तुम्हाला काय वाटतं? ज्यांनी यातलं काही वाचलंय त्यांनी जरूर लिहा.

---

वाचनवेडी

काका, फारच सुंदर धागा! वाचून आधी 'द स्कार्लेट लेटर'ची प्रस्तावना परत काढली.

एक भर घालते. हॉथॉर्न मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम बंदराचा. वडील जहाजाचे कप्तान, १८०८ साली सुरिनामला तापाने गेले, तेव्हा हा चार वर्षांचाही नव्हता. आणि सेलमला जपान नवा नव्हता! युरोपीयांपैकी फक्त डचांना जपानात व्यापाराची मुभा होती. युरोपातल्या युद्धांमुळे त्यांना स्वतःची जहाजं नागासाकीला पाठवता येईनात, तेव्हा ते अमेरिकन जहाजं भाड्याने घेत आणि बंदरात शिरताना त्यांच्यावर डच निशाण चढवत. १७९९ मध्ये 'फ्रँकलिन' आणि १८०१ मध्ये 'मार्गारेट' असे नागासाकीला जाऊन आलेत, दोन्ही सेलमच्या कप्तानांच्या हाताखाली. म्हणजे पेरीच्या अर्धशतक आधी हॉथॉर्नच्या गावात जपानी लाखकाम येऊन पोचलं होतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पेरी हॉथॉर्नकडेच का गेला? होरेशिओ ब्रिज हा हॉथॉर्नचा कॉलेजपासूनचा जिवलग. 'ट्वाइस-टोल्ड टेल्स' छापलं जावं म्हणून प्रकाशकाला गुपचूप हमी देणारा तोच. हा ब्रिज आरमारात पर्सर (जहाजाचा हिशेबनीस) होता आणि १८४३ नंतर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर 'सॅराटोगा' जहाजावर होता. त्याच्या टिपणांचं हॉथॉर्नने 'जर्नल ऑफ अ‍ॅन आफ्रिकन क्रूझर' हे पुस्तक करून दिलं (१८४५). त्या आफ्रिकन ताफ्याचा कमोडोर कोण होता? मॅथ्यू पेरी!

म्हणजे आरमारी टिपणांचं वाचनीय पुस्तक कसं करायचं हे हॉथॉर्नने दाखवून दिलेलं होतं, तेही पेरीच्याच ताफ्यातल्या जहाजाचं. आणि १८५३ च्या जुलैत उरागासमोर जी चार जहाजं नांगर टाकून उभी राहिली त्यांतलं एक हेच 'सॅराटोगा'. बाकीची 'सस्क्वेहॅना', 'मिसिसिपी' आणि 'प्लिमथ'.

---

गलबत

@वाचनवेडी ताई, 'सॅराटोगा'चा हा धागा मला दिसलाच नव्हता. मनापासून आभार. आता पेरीचं लिव्हरपूलला जाणं अचानक वाटत नाही.

---

तांबडी माती

गलबत, आणखी एक दुवा आहे आणि तो रक्ताचा आहे.

१ डिसेंबर १८४२. अमेरिकन आरमाराचं 'सॉमर्स' नावाचं छोटं जहाज, शिकाऊ पोरं घेऊन आफ्रिकेहून परत येत होतं. कप्तान अलेक्झांडर स्लायडेल मॅकेन्झी. बंडाच्या संशयावरून त्याने तिघांना भर समुद्रात फासावर चढवलं. त्यातला एक फिलिप स्पेन्सर, युद्धमंत्र्याचा मुलगा. मॅकेन्झीवर खटला चालला, तो सुटला, पण देशात दोन तट पडले.

आता नाती बघा. मॅकेन्झी स्वतः लेखक, स्पेनच्या प्रवासवर्णनाने नाव मिळवलेला. त्याची बहीण जेन ही मॅथ्यू पेरीची बायको. 'सॉमर्स'वर पेरीचे दोन मुलगे होते. आणि त्याच जहाजावरचा पहिला लेफ्टनंट गर्ट गॅन्सेव्हॉर्ट हा हर्मन मेलव्हिलचा सख्खा मामेभाऊ!

मॅकेन्झीविरुद्ध सगळ्यात तिखट लेखणी चालवली ती जेम्स फेनिमोर कूपरने. कूपरचं आणि पेरी घराण्याचं आधीपासूनच वाकडं होतं. मॅथ्यूचा थोरला भाऊ ऑलिव्हर पेरी हा १८१३ च्या लेक इरीच्या लढाईचा वीर. कूपरने १८३९ च्या आरमाराच्या इतिहासात त्याला हवं तेवढं उचलून धरलं नाही, म्हणून घराणं दुखावलं. उत्तरादाखल ऑलिव्हरचं चरित्र लिहिलं कोणी? याच मॅकेन्झीने.

मेलव्हिलच्या मनातून ती फाशी आयुष्यभर गेली नाही. 'बिली बड' या त्याच्या शेवटच्या कथेत 'सॉमर्स'चा नावाने उल्लेख येतो. तो १८९१ मध्ये गेला, कथा छापली गेली १९२४ मध्ये.

शिवाय १८५० मध्ये मेलव्हिलने 'व्हाइट-जॅकेट' लिहून आरमारातल्या फटक्यांच्या शिक्षेवर आसूड ओढला होता आणि त्याच वर्षी काँग्रेसने ती शिक्षा बंद केली. असा माणूस पेरीने आपला वृत्तांत लिहायला घेतला असता का?

---

खडूफळा

इतिहास शिकवतो, म्हणून दोन ठिकाणी अडवतो. राग नसावा.

पहिलं, 'व्हाइट-जॅकेट'मुळे फटके बंद झाले हे फार वेळा सांगितलं जातं, पण सिनेटर जॉन हेल आणि इतर मंडळी हा प्रश्न आधीपासून लावून धरत होती. पुस्तक १८५० च्या मार्चमध्ये अमेरिकेत आलं, कायदा सप्टेंबरात झाला. पेटलेल्या चुलीत एक लाकूड पडलं इतकंच म्हणता येईल.

दुसरं, हॉथॉर्नची नोंद नीट वाचली तर पेरीने एकट्या मेलव्हिललाच नाकारलं असं त्यात नाही. हॉथॉर्नला आठवलेल्या कुठल्याच नावावर कमोडोरने उत्साह दाखवला नाही, असं ते आहे. आणि हॉथॉर्नला पेरी आवडला होता. इतक्या चटकन गप्पांना मोकळा होणारा माणूस क्वचित भेटतो, असं त्याने लिहिलंय. पेरी म्हणजे लेखकद्वेष्टा सरदार असं चित्र आपण रंगवू नये.

आणि माझं मत थेट सांगतो : पेरीचं बरोबरच होतं. त्याला कादंबरी नको होती. काँग्रेसपुढे ठेवायचा, पुढच्या मोहिमांना उपयोगी पडेल असा दस्तऐवज हवा होता. दुसऱ्या खंडात मासे, पक्षी, शेती. तिसऱ्यात जहाजावरचे चॅप्लेन जॉर्ज जोन्स यांनी रात्र रात्र जागून केलेली राशिचक्रीय प्रकाशाची (सूर्यास्तानंतर किंवा सूर्योदयाआधी क्षितिजाजवळ दिसणाऱ्या अंधुक उजेडाची) निरीक्षणं. मेलव्हिल यात रमला असता?

पहिला खंड रूक्ष आहे हेही मला मान्य नाही. कुरीहामाचा प्रसंग वाचाच. अध्यक्ष फिलमोरचा खलिता चर्मपत्रावर लिहिलेला, निळ्या रेशमी मखमलीत बांधलेला. मोहरेला सोन्याचे गोंडे, मोहर ठेवायला सहा इंच व्यासाची शुद्ध सोन्याची डबी, आणि हे सगळं रोजवुडच्या पेटीत. लाल कापडात गुंडाळलेल्या पेट्या घेऊन पुढे दोन पोरं, मागे कमोडोर, त्याच्या दोन्ही अंगांना दोन धिप्पाड कृष्णवर्णी शस्त्रधारी. मंडपात दोन जपानी अधिकारी पुतळ्यासारखे बसून. सगळा समारंभ अर्ध्या तासाच्या आत आटोपला.

या मिरवणुकीचा दिग्दर्शक पेरी स्वतः होता. बरोबरीचा अधिकारी येईपर्यंत तो दिवसेंदिवस केबिनबाहेरच आला नाही. लिहिणारे हॉक्स असतील, पण नाटक पेरीने आधीच रचलेलं होतं. आणि तो खलिता तरी कोणी लिहिला? आधी डॅनियल वेबस्टर, मग एडवर्ड एव्हरेट. एकेकाळचा हार्वर्डचा ग्रीकचा प्राध्यापक आणि 'नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू'चा संपादक. त्यामुळे सगळ्यात आधी साहित्यिकाच्या हातचं जे लेखन जपानात उतरलं ते हे पत्र, असं मी म्हणेन.

---

सागरतीर

खडूफळा सर, मिरवणुकीचं वर्णन वाचताना डोळ्यांपुढे उभं राहिलं.

मोहिमेवर एक खराखुरा कवी होता हे कोणी सांगितलं नाही म्हणून लिहिते. बेयर्ड टेलर. तेव्हाच्या अमेरिकेतला सगळ्यात लोकप्रिय प्रवासलेखक, न्यूयॉर्कच्या 'ट्रिब्यून'साठी पत्रं लिहायचा. पुढे त्याने गटेच्या 'फाउस्ट'चं इंग्रजी भाषांतर केलं. पेरीच्या ताफ्यात तो शांघायला चढला, कारण लेखकाला तसं घेता येईना म्हणून 'मास्टर्स मेट' या हुद्द्यावर.

आणि त्याआधी तो कुठे होता? आपल्या मुंबईत! १८५२ च्या डिसेंबरअखेरीस सुएझहून बोटीने मुंबईला उतरला, घारापुरीची लेणी बघून आला आणि मग जमिनीवरून आग्रा, दिल्ली करत कलकत्त्याला गेला. त्याच्या १८५५ च्या पुस्तकाचं नावच 'अ व्हिजिट टू इंडिया, चायना अँड जपान इन द इयर १८५३'. एकाच बांधणीत घारापुरी आणि एडोची (आजच्या टोकियोची) खाडी. मला हे पुस्तक हातात आलं तेव्हा केवढा आनंद झाला होता!

पण त्याच्यावर अन्याय झाला असं माझं ठाम मत आहे. पेरीने हुकूम काढला होता, की मोहिमेवर कोणीही लिहिलेली रोजनिशी ही आरमार खात्याची मालमत्ता. टेलरला आपल्या वह्या द्याव्या लागल्या. ओगासावारा बेटांवर आणि ओकिनावात तो शोधमंडळींबरोबर रानावनांतून चालला, त्याचे ते अहवाल हॉक्सच्या खंडात गेले. स्वतःचं पुस्तक मात्र त्याला वृत्तपत्राला धाडलेल्या पत्रांवरून उभं करावं लागलं. 'मिसिसिपी'वरचा कप्तानाचा कारकून स्पॉल्डिंग याने हुकूम न जुमानता १८५५ मध्येच आपलं पुस्तक काढलं.

म्हणजे प्रश्न मेलव्हिल की हॉक्स इतकाच नव्हता. गोष्ट सांगायचा हक्क कोणाचा, हा होता.

---

तांबडी माती

सागरतीर ताई, मुंबईचा अजून एक दुवा. पेरीच्या आधी जपानच्या बादशहासाठी अध्यक्षांचं पत्र घेऊन निघालेला माणूस एडमंड रॉबर्ट्स. १८३५ मध्ये त्याचं 'पीकॉक' हे जहाज मस्कतच्या वाटेवर मसिरा बेटाजवळ रुतलं आणि नंतर दुरुस्तीला मुंबईच्या गोदीत आलं. जहाजावरचे डॉक्टर रुशेनबर्गर यांनी या फेरीचं मोठं प्रवासवर्णन लिहिलंय, त्यात मुंबई आहे. रॉबर्ट्स बिचारा जपानपर्यंत पोचलाच नाही, १८३६ च्या जूनमध्ये मकावला वारला.

(अवांतर : थोरोचं 'वॉल्डन' १८५४ चं, कानागावाच्या तहाच्याच वर्षीचं. त्यात तो म्हणतो की मद्रास, मुंबई, कलकत्त्याची घामाघूम झालेली माणसं माझ्या विहिरीचं पाणी पितात. वॉल्डनच्या तळ्यावरचा बर्फ बोटीत भरून आपल्याकडे यायचा, त्यावरून. तळ्याकाठी एकटा राहणाऱ्या माणसाच्याही पुस्तकात बोटी शिरल्या होत्या असा तो काळ.)

---

निहोंगो_पुणे

पुण्यात जपानी शिकवते. इतका वेळ फक्त वाचत होते, पण सगळी चर्चा जहाजावरून चालली आहे, किनाऱ्यावरून कोणीच बोलत नाही, म्हणून लिहिते.

पेरीची जहाजं आली तेव्हा एडोत एक क्योका, म्हणजे विनोदी तान्का (छोटी जपानी कविता), तोंडोतोंडी झाला. तो मी दरवर्षी वर्गात घेते :

ताइहेइ नो नेमुरी ओ सामासु जोकिसेन
तात्ता शिहाइ दे योरु मो नेमुरेझु

वरवर अर्थ असा : शांतपणे लागलेली झोप उडवणारा जोकिसेन चहा, अवघे चारच प्याले आणि रात्रभर डोळ्याला डोळा नाही. पण 'जोकिसेन' हे भारी चहाचं नाव, आणि उच्चाराने तेच 'आगबोट'. 'हाइ' हा प्याले मोजायचा शब्द, आणि जहाजं मोजायचाही. 'ताइहेइ' म्हणजे शांतता, आणि प्रशांत महासागरही. दोन ओळींत आख्खा ताफा बसवलाय! (चारांतली दोनच जहाजं वाफेची होती, पण दोघांनी पुरे काम केलं.)

हे वाचल्यावर 'मोबी डिक'चं ११९ वं प्रकरण उघडा. जपानी समुद्रातलं तुफान निरभ्र आभाळातून कसं कोसळतं ते सांगताना मेलव्हिल म्हणतो, पेंगुळलेल्या गावावर बाँब फुटावा तसं. एकाने १८५१ मध्ये मॅसॅच्युसेट्सला बसून झोपेतलं गाव लिहिलं, आणि दोन वर्षांनी ते गाव स्वतःच्या तोंडाने म्हणालं की आमची झोप गेली. मला या जागी दर वेळी शहारा येतो.

आता गलबत काकांच्या मूळ वाक्याकडे. व्हेलची जहाजं उंबरठ्यावर पोचली होती हे नुसतं अलंकारिक नाही. १८४८ मध्ये रॅनल्ड मॅकडॉनल्ड नावाचा तरुण 'प्लिमथ' या व्हेलच्या जहाजावरून (पेरीच्या ताफ्यातलं ते हे नव्हे) मुद्दाम एका होडीत उतरला आणि होक्काइदोजवळच्या रिशिरी बेटावर जाऊन पोचला. बाप स्कॉटिश, आई चिनूक या अमेरिकेतल्या मूळ रहिवासी जमातीची. त्याला कैद करून नागासाकीला नेलं. तिथे गजांआडून त्याने चौदा दुभाष्यांना इंग्रजी शिकवलं. त्यातला सगळ्यात हुशार मोरियामा एइनोसुके. १८५४ मध्ये पेरीच्या वाटाघाटींत जपानच्या बाजूने दुभाष्या म्हणून बसला तो हाच मोरियामा! म्हणजे कमोडोरची भाषा जपानला शिकवून ठेवली होती एका खलाशाने.

आणि मानजिरो. तो तर माझ्या काळजाच्या जवळचा.

---

गलबत

निहोंगो ताई, थांबू नका. मानजिरोचं लिहा.

---

निहोंगो_पुणे

लिहिते. नाकाहामा मानजिरो, तोसा प्रांतातल्या कोळ्याचा मुलगा, जन्म १८२७. १८४१ च्या जानेवारीत पाच जणांची मासेमारीची होडी वादळात भरकटली आणि तोरीशिमा या निर्मनुष्य बेटाला लागली. अल्बाट्रॉस पक्षी मारून खात त्यांनी पाच महिने काढले. जूनमध्ये 'जॉन हाउलंड' या व्हेलच्या जहाजाने त्यांना उचललं. कप्तान विल्यम व्हिटफील्डने बाकीच्यांना होनोलुलूला उतरवलं आणि चौदा वर्षांच्या मानजिरोला, त्याच्याच इच्छेने, आपल्या गावी फेअरहेवनला नेलं. शाळेत घातलं.

आता तारखा बघा. त्याच १८४१ च्या जानेवारीत, ३ तारखेला, 'अकुश्नेट' नावाचं व्हेलचं जहाज सुटलं. त्यावर एक एकवीस वर्षांचा खलाशी होता. हर्मन मेलव्हिल. बंदर कुठलं? फेअरहेवन!

एक पोरगा त्या गावातून प्रशांत महासागराकडे निघाला, दुसरा प्रशांत महासागरातून त्याच गावाला आला.

मानजिरो १८५१ मध्ये ओकिनावामार्गे परतला. देश सोडून गेलेल्याला मृत्युदंड होता, तरी आईसाठी आला. महिनोन्‌महिने चौकश्या झाल्या. तोसात कावादा शोर्यो या चित्रकाराने त्याच्याकडून सगळं ऐकून, त्याच्याच हातच्या रेखाटनांसह 'ह्योसोन किर्याकु' हे हस्तलिखित तयार केलं, साल १८५२. इकडे पेरी निघतोय, तिकडे अमेरिकेतली शाळा, आगगाडी, व्हेलची शिकार यांची चित्रं सरदारांच्या हातात फिरतायत. १८५३ मध्ये त्याला एडोला बोलावून घेतलं, पण वाटाघाटींत समोर येऊ दिलं नाही. अमेरिकनांचं मीठ खाल्लेला माणूस, म्हणून मितोचा वजनदार सरदार तोकुगावा नारिआकी याला भरवसा वाटेना. इंग्रजी सगळ्यात चांगलं येणारा माणूस पडद्याआड राहिला. हॉक्सचे तीन खंड वाचणाऱ्याला तो भेटत नाही.

पुढे त्याने बाउडिचचं नौकानयनाचं पुस्तक जपानीत आणलं.

---

गलबत

बाउडिच! ताई, या एका ओळीने मला माझ्या उमेदवारीच्या दिवसांत नेऊन सोडलं.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी : नॅथॅनिएल बाउडिच, हासुद्धा सेलमचाच. १८०२ मध्ये त्याचं 'अमेरिकन प्रॅक्टिकल नॅव्हिगेटर' आलं. आमच्याकडे ब्रिजवर नोरीची कोष्टकं असायची, अमेरिकन बोटींवर बाउडिच. आजही अमेरिकन सरकार ते छापतं. दुपारच्या सूर्याची उंची सेक्स्टंटने घ्यायची, घड्याळाची वेळ टिपायची आणि कोष्टकांत बोट ठेवून आपण पृथ्वीवर कुठे आहोत ते काढायचं. पहिल्यांदा स्वतःचं गणित बरोबर आलं त्या दिवशी मला रात्री झोप आली नव्हती. मानजिरोने ती कोष्टकं जपानी आकड्यांत एकेक करून उतरवली असतील तेव्हा त्याला काय वाटलं असेल ते मी समजू शकतो.

आणि मेलव्हिल? ३५ व्या प्रकरणात डोलकाठीवर पहाऱ्याला चढवलेल्या स्वप्नाळू पोरांबद्दल जहाजमालकांना बजावताना तो म्हणतो, डोक्यात बाउडिचच्या ऐवजी प्लेटोचा 'फीडो' घेऊन येणाऱ्या पोराला कामावर घेऊ नका. तेच पुस्तक!

खडूफळा सर, तुम्ही म्हणता पेरीला दस्तऐवज हवा होता. मान्य. पण तहाच्या १२ कलमांकडे बघा. तिसरं, चौथं, पाचवं कलम कशाबद्दल आहे? फुटलेल्या जहाजांचे खलाशी, त्यांना वागवायचं कसं, त्यांना डांबून ठेवायचं नाही, शिमोदात कुठवर हिंडू द्यायचं. व्यापाराबद्दल फार थोडं. मेलव्हिलने श्रेय ज्यांना दिलं तीच माणसं त्या कलमांत आहेत.

---

खडूफळा

गलबत, कलमांचा मुद्दा बिनतोड आहे, तो घेतो. पण श्रेय 'फक्त' व्हेलवाल्यांचं हे मला अजून पटत नाही. फिलमोरच्या खलित्यात स्पष्ट आहे, की कॅलिफोर्नियाहून आमच्या आगबोटी अठरा दिवसांत जपानला पोचू शकतात, आणि त्यांना कोळसा हवा आहे. कॅलिफोर्निया अमेरिकेला मिळाला १८४८ मध्ये. तो किनारा हाती आल्यावर चीनच्या वाटेवरचं जपान टाळता येणारच नव्हतं.

आणि हेही बोलायला हवं, की दार ठोठावलं ते तोफांच्या जहाजांनी. १८४६ मध्ये कमोडोर बिडल सभ्यपणे येऊन रिकाम्या हाताने गेला, त्यावरून पेरी धडा शिकला होता. तहानंतर जपानवर जे विषम करार लादले गेले ते झटकायला जपानला शतक संपत आलं. 'पाहुण्याला घरात घेणं' हा मेलव्हिलचा शब्द गोड आहे, पण असा पाहुणा आपल्या देशानेही पाहिलाय.

निहोंगो ताई, मानजिरोबद्दल मनापासून आभार. यंदा वर्गात शिकवणार.

---

वाचनवेडी

परतफेडीची बाजूही सांगते. १८६० मध्ये जपानचं पहिलं शिष्टमंडळ १८५८ च्या व्यापारी तहावर शिक्कामोर्तब करायला अमेरिकेला गेलं. कोणत्या जहाजाने? 'पोव्हॅटन', १८५४ मध्ये पेरीच्या ताफ्यात असलेलं! सोबतीला जपानचं स्वतःचं 'कानरिन मारू' सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत गेलं आणि त्यावर दुभाष्या होता मानजिरो.

१६ जून १८६० ला न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरून शिष्टमंडळाची मिरवणूक निघाली. वॉल्ट व्हिटमनने तिच्यावर कविता केली, ती २७ जूनला 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये आली. आज ती 'अ ब्रॉडवे पेजंट' या नावाने मिळते. सुरुवातीलाच दोन-दोन तलवारी लावलेले, उघड्या गाडीत मागे टेकून बसलेले ते दूत आहेत. देशाचं नाव तो 'निफोन' लिहितो, 'मोबी डिक'मधल्या अहॅबच्या नकाशावर आहे तसंच. मला आवडलं ते हे, की तो लवकरच जपान सोडून गर्दीकडे वळतो आणि त्याला त्या गाडीमागून सगळा आशिया चालत येताना दिसू लागतो, आपणसुद्धा.

---

सागरतीर

आता एक विनंती. ज्या वाक्यावरून धागा सुरू झाला ते मराठीत नीट कोणी करेल का? काकांनी अर्थ दिलाय, पण ते वाक्य आपल्या भाषेत उभं राहायला हवं. माझा प्रयत्न :

'दुहेरी कुलपातला तो जपान कधी अतिथ्यशील झाला, तर त्याचं श्रेय केवळ व्हेलनौकेला जाईल, कारण ती आधीच उंबरठ्यावर आहे.'

---

तांबडी माती

'कुलूप' नको. मूळ शब्द 'बोल्ट'चा आहे. कुलूप बाहेरून लावतात, घरात कोणी नसताना. जपान तर आत बसून होता. आमच्या जुन्या घराला दिंडीमागे लाकडी अडसर होता, भिंतीतल्या खोबणीतून ओढून घ्यायचा. बाहेरच्याला तो दिसतच नाही, ढकलल्यावर कळतो. 'अडसर' घ्या.

---

निहोंगो_पुणे

अडसर अगदी बरोबर. जपानीत 'साकोकु' म्हणजे देश बंद ठेवणं, तेही आतूनच. 'अतिथ्यशील' मात्र पुस्तकी वाटतं (आणि शब्द 'आतिथ्यशील' असा आहे). 'पाहुण्याला आत घेणं' चांगलं. 'व्हेलनौका'ऐवजी देवमासा आणता येईल का?

---

सागरतीर

'दोन-दोन अडसर लावून बसलेला तो जपान कधी पाहुण्याला आत घेणारच असेल, तर श्रेय एकट्या देवमाशामागच्या गलबताचं. कारण ते आताच उंबरठ्यावर आहे.'

काका, गलबत तुमचं आहे, तेव्हा शेवटचा हात तुम्हीच फिरवा.

---

गलबत

सगळं जमलंय. एकच शब्द बदलतो. माणूस उंबरठ्यावर असतो, गलबत लागतं.

'दोन-दोन अडसर लावून बसलेला तो जपान कधी पाहुण्याला आत घेणारच असेल, तर श्रेय एकट्या देवमाशामागच्या गलबताचं. कारण ते आताच उंबरठ्याला लागलंय.'